इस्त्रीवरची पेज

बारामतीच्या शाळेत मास्तरकी लागली तेव्हा मला खोली मिळाली ती एका अटीवर. घराच्या मालकीणबाई वयस्कर विधवा होत्या. आळीतले सगळे त्यांना काकू म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. त्यांनी मागची खोली दाखवली, खिडकी उघडून दिली, न्हाणीघर आणि तिथला तांब्याचा बंब दाखवला. मग दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सगळं करा मास्तर, फक्त चूल मांडू नका."

मी एकटा होतो आणि खाणावळीत जेवत होतो. मला त्या अटीत काही जड वाटले नाही. तिचे कारण पुढे आळीतूनच कळले. काकूंचा थोरला मुलगा आणि सून याच खोलीत वेगळे राहिले होते. सासूसुनेचे पटेना म्हणून सुनेने इथे स्वतःची चूल मांडली होती. वर्ष उलटायच्या आत मुलगा पटकीने गेला. सून माहेरी गेली ती परत आली नाही. काकूंनी ती चूल स्वतःच्या हाताने फोडली, जागा शेणाने सारवून टाकली आणि देवापुढे शब्द दिला की या छपराखाली पुन्हा दुसरी चूल पेटणार नाही. त्यांच्या मनात मुलगा पटकीने गेलाच नव्हता. तो त्या चुलीने गेला होता.

हे सगळे एकोणीसशे तिसाच्या पुढच्या वर्षांतले. एका पावसाळ्यानंतर आमच्या गावाहून, वरकुट्याहून, निरोप आला की आबांना घास गिळता येत नाही. आबा म्हणजे माझे वडील. विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला काढायचा आणि डोक्यावरून इंदापूरच्या बाजाराला न्यायचा, यात त्यांचा जन्म गेला. आमच्या घरात हातात पाटी धरलेला मी पहिला, आणि ती त्यांनी धरायला लावली म्हणून धरलेला. मी बी. ए. झालो त्या दिवसापासून ते मला नावाने हाक मारेनासे झाले. आधी थट्टेने आणि मग सवयीने "मास्तर" म्हणू लागले, नोकरी लागण्याच्याही आधीपासून.

मी गेलो तेव्हा ते भाकरी दुधात कुस्करून, तीही पाण्याच्या घोटाबरोबर ढकलत होते. ही गोष्ट त्यांनी आईपासूनही कितीतरी दिवस लपवली होती. आईला वाटे, रानातच खाऊन येतात. बैलगाडीने इंदापूरला आणि तिथून मोटारीने मी दोघांना बारामतीला आणले. डॉक्टर भला माणूस होता. त्याने रबरी नळी घशातून घालून पाहिली, आबांना बाहेर बसवले आणि मला सांगितले की अन्ननलिकेत गाठ आहे. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करून बघता येईल, पण इतक्या वाळलेल्या माणसाला तिथे कोणी टेबलावर घेणार नाही. आधी अंगात थोडे बळ आले पाहिजे. मऊ, गरम, ताजे अन्न, थोडे थोडे आणि पुन्हा पुन्हा द्यायचे. गार झालेले घशात चिकटते, ते नको. नळी घालून वाट मोकळी ठेवण्याचे काम आठवड्याच्या आठवड्याला तो करणार होता. आबांना पुण्याला नेण्याइतके धष्टपुष्ट करायचे, एवढेच आमच्यापुढे काम होते. त्या दिवशी ते मला अवघड वाटले नाही.

दुसरे घर बघण्याचा प्रयत्न मी केला. पण झिजत चाललेला माणूस दिसला की लोकांना क्षय आठवतो. दोन ठिकाणी मला ओट्यावरूनच परत पाठवले. काकूंनी मात्र आबांकडे एकदा नीट पाहिले आणि विचारले, "खोकला आहे का?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग राहू देत." त्यांचे हे उपकार मी आजही मानतो. त्यांनी दार लावले असते तर आम्ही त्यांना नावे ठेवली नसती.

पहिले काही दिवस काकूच सकाळी आपल्या चुलीवर मऊ भात करून देत. पण त्या एकभुक्त होत्या. दुपारच्या आत त्यांचे जेवण होई आणि चूल विझे. स्वयंपाकघर सोवळ्यातले, तिथे आईने जायचा प्रश्नच नव्हता. सकाळचा भात दुपारी गार होई, आणि गार झाला की आबांच्या घशात बसे. मग खाकरणे आणि ओकाऱ्या, आणि खाल्लेले तेवढे बाहेर. शाळेतल्या एका सहकाऱ्याकडून मी स्टोव्ह मागून आणला. काकूंनी त्याच्याकडे हात मागे बांधून पाहिले.

"हे कशासाठी केलेलं असतं, मास्तर?"

मी म्हणालो, "स्वयंपाकासाठी."

"मग ती चूलच. न्या परत."

मी वाद घालणार होतो. हा पितळेचा आहे, रॉकेलवर चालतो, चूल मातीची असते, असले काहीबाही माझ्या जिभेवर आले होते. आईने माझा हात दाबला. ती आतापर्यंत भिंतीला टेकून बसली होती. तिने शांतपणे विचारले, "आन बंब कशासाठी असतुया, काकू?"

"पाण्यासाठी."

"मंग पानी लई तापलं, आन त्यात एखादी पुरचुंडी पडली, तर?"

काकू पदर सारखा करत म्हणाल्या, "पडली तर पडली. बंबात काय पडतं ते मी कशाला बघत बसू?"

त्या आत गेल्यावर आई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "चोर चालंल, निस्तं त्याचं नाव घ्याचं न्हाय."

तेव्हापासून आमचा स्वयंपाक न्हाणीघरात होऊ लागला. काकू बारा महिने गार पाण्याने अंघोळ करत, त्यामुळे बंब आमच्याच ताब्यात होता. आई धुतलेल्या फडक्यात तांदूळ आणि मुगाची डाळ बांधी, दोरीने पुरचुंडी पाण्यात सोडी आणि दोरी बंबाच्या कानाला अडकवून ठेवी. मधल्या नळकांड्यात शेणकुटे आणि तुरीच्या काटक्या. पाणी खळखळायला लागले की भात मऊ होई. त्याला तांब्याचा आणि धुराचा वास येई, पण तो गरम असे आणि हवा तेव्हा मिळे. बंबाखालच्या राखेत एखादे रताळे पुरले की तेही भाजून निघे. आई ते कुस्करून दुधात कालवी.

गावाकडे स्वयंपाकाला बसताना आई चुलीला हळदकुंकू लावी आणि पहिला चिमूटभर घास विस्तवात टाकी. अग्नीने आधी खाल्ले की मग माणसांनी खायचे. इथेही ती चार शिते बंबाच्या नळकांड्यात टाकी. हळदकुंकू मात्र लावीत नसे. लावले तर त्याची चूल होईल, असे तिला वाटे. काकूंनी दिलेल्या शब्दाची राखण ती काकूंपेक्षाही कडक करत होती.

त्याच बंबाच्या पाण्याने मी अंघोळ करून शाळेत जाई. पुरचुंडीतून भाताची पेज पाण्यात उतरलेली असे आणि अंग वाळले की कातडी ताठ होई. एकदा मी मान खाजवत होतो ते आबांनी पाहिले. अंथरुणावरून म्हणाले, "मास्तर, आज तुमाला खळ लागलीया. आता इस्त्री मारली की झालं."

आई हसली आणि हसता हसता थांबली. कोपऱ्यात माझी कोळशाची इस्त्री होती. मास्तराचा कोट चुरगळलेला नको म्हणून मी ती जुनी विकत घेतली होती. आईने तिचे झाकण मागे टाकून आत पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. बंबाला जळण फार लागे, वेळही लागे, आणि न्हाणीघर खोलीपासून लांब होते. इस्त्री अंथरुणाशेजारी ठेवता येणार होती. काकूंना विचारायला मला पाठवले. त्यांनी मान वर न करता विचारले, "कपड्यांसाठी ना?" मी हो म्हणालो. "मग झालं," म्हणाल्या.

तोपर्यंत मऊ भातही उतरेनासा झाला होता, हे मला आज लिहिताना स्पष्ट दिसते. तेव्हा आम्ही दोघे ते असे मांडतच नव्हतो. पेज पचायला हलकी, पेज लौकर होते, इस्त्रीवर पेजच बरी, असे एकमेकांना सांगत होतो. बंबातले निखारे चिमट्याने इस्त्रीत भरायचे, झाकण मागे टाकायचे, आणि वरच्या तोंडावर पितळेची वाटी बसवायची. वाटी अगदी नेमकी बसे. तांदळाच्या कण्या, पाणी, मिठाचा खडा. निखारा मंदावला की आई इस्त्री उचलून हलवी, पुढच्या भोकांतून वारा जाई आणि वाटी पुन्हा खदखदू लागे. एका वाटीत चार घोट होत. तेवढे पाजून झाले की दुसरी वाटी. दिवसभर हेच चाले. शाळेतून आलो की मी बसे आणि आई आडवी होई. त्या काळात माझ्या कोटाला इस्त्री झाली नाही. मुख्याध्यापकांनी एकदा त्याकडे नुसते पाहिले.

एके दुपारी आबांना पापड खावासा वाटला. खाता येणार नाही हे त्यांनाही माहीत होते. म्हणाले, "निस्ता वास तरी यिऊ द्या." आईने घोंगडीच्या घडीवर पापड ठेवला आणि वरून तापलेली इस्त्री दाबून धरली. पापड भाजला गेला, पण एक फोड न येता, कागदासारखा सपाट. आबांनी तो दोन बोटांत धरून उजेडाकडे केला.

"ह्याची घडी घालून ठिवा," ते म्हणाले. "मास्तराच्या लग्नात चालंल."

त्यांनी एक तुकडा जिभेवर ठेवला, तो विरेपर्यंत डोळे मिटून बसले, आणि मग चूळ भरून टाकली. आईने उरलेला पापड बाहेर ओट्यावर नेऊन खाल्ला. आम्ही दोघे जेवत असू ते ओट्यावरच. मी खाणावळीतून डबा आणी, आणि दार लोटून, भाकरीचा आवाज होणार नाही असे आम्ही खात असू. भुकेल्या माणसासमोर जेवणे आम्हाला जमण्यासारखे नव्हते.

मधे एक चांगला आठवडा आला. डॉक्टरने आबांच्या दंडाची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाला, तब्येत जरा धरलेली दिसते, असेच चालू राहिले तर पुढच्या आठवड्यात पुण्याला लिहून विचारतो. मी शाळेत रजेबद्दल बोलून ठेवले. आईने वरकुट्याला सांगावा धाडला की पुण्याला जायचे ठरतेय, चुलतभावाला सोबतीला पाठवा. दौंडपर्यंत छोट्या गाडीने जायचे, तिथे मोठी गाडी धरायची, आबांना बाकावर आडवे करता येईल का, हे सगळे आम्ही बोलून घेतले. आबा ऐकत होते. त्यांनी फक्त एवढे विचारले की पुण्याला पेज कशावर करणार.

पण त्या आठवड्याच्या शेवटी पेज परत आली. आधी अर्धी, मग सगळी. आईने कण्या बारीक वाटल्या, मग गाळून नुसते पाणी दिले. तेही कधी उतरे, कधी नाही. नळी घालायला नेले तेव्हा ती पुढे सरकेना. डॉक्टरने जोर केला नाही. त्याने हात धुतले, मला रस्त्यापर्यंत पोचवायला आला आणि म्हणाला, "आता पुण्याला नेण्यात अर्थ नाही. त्यांना घरी घेऊन जा." त्या दिवशी त्याने माझ्याकडून काही घेतले नाही. मी त्याचे आभार मानले.

आईला मी हे सांगितले नाही. सांगायची गरजही नव्हती. आबांना घरी पोचवून मी डबा आणायला गेलो. परत आलो तेव्हा इस्त्री कोपऱ्यात उचलून ठेवलेली होती आणि तिने कंदील पेटवला होता, भर दुपारी. कंदिलाच्या टोपीवर लहान वाटी ठेवून ती दूध कोमट करत होती. दूधही ते किती, वाटीच्या तळाशी. चमच्याने ओठांवर सोडायचे. त्याला निखारे कशाला लागतात? वाटीचे बूड काजळीने काळे झाले होते आणि आई ते पदराने पुन्हा पुन्हा पुसत होती.

तिच्या डाव्या हातात तांदळाचे चार दाणे होते. बंबाच्या विस्तवात तिने शिते टाकली होती, इस्त्रीच्या निखाऱ्यांवरही टाकली होती. कंदिलाला घास कुठून घालायचा ते तिला उमगत नव्हते. चारी बाजूंनी काच. ते दाणे ती बराच वेळ मुठीत धरून बसली आणि शेवटी खिडकीतून चिमण्यांना टाकून दिले.

काकूंनी हे पाहिले असावे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सोवळे सोडून, साध्या लुगड्यात आमच्या दाराशी आल्या. हातात पाटी होती. पाटीत कालवलेली माती, तिच्यात भुसा मळलेला, आणि वर तीन विटा. कोपरापर्यंत हात मातीने भरलेले. म्हणजे त्यांनी ती स्वतःच मळली होती, कोणाला सांगितले नव्हते. त्यांनी खोलीतल्या त्या सारवलेल्या जागेकडे बोट केले.

"मास्तरांच्या आई, मांडा चूल. इथंच मांडा. देवाला मी सांगितलंय."

आई उठली नाही. आबांचे डोके तिच्या मांडीवर होते. तिने पाटीकडे पाहिले, मग काकूंकडे.

"काकू," ती म्हणाली, "आता तिच्यावर काय ठिवू?"

काकू पाटी तशीच धरून उभ्या राहिल्या. मी पुढे होऊन ती त्यांच्या हातातून घेतली. मग त्या उंबऱ्यावर बसल्या आणि मातीचे हात मांडीवर ठेवून रडू लागल्या. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिले. त्या आमच्यासाठी रडत होत्या की आपल्या मुलासाठी, हे मला ठरवता आले नाही. आबांनी डोळे उघडून विचारले, काय झालं. आईने सांगितले, काकू बोलावायला आल्यात, जेवायला. आबा म्हणाले, "त्यास्नी म्हनावं, पोट भरलंय."

त्याच दिवशी आम्ही निघालो. इंदापूरपर्यंत मोटारीत मी त्यांना मांडीवर घेतले होते. त्यांचे ओझे लागत नव्हते. पुढे बैलगाडी. पुण्याला सोबत जायला निघालेला चुलतभाऊ इंदापुरातच भेटला. त्याने गाडीत कडबा पसरला आणि बैल सावकाश हाकले.

घरी चुलतीने आधीच चूल पेटवली होती. घर धुराने भरलेले, तव्यावर भाकरी, कालवणाला फोडणी दिलेली. आई धावत आत गेली. आबांना तो वास सोसणार नाही, चूल विझवा, म्हणू लागली. आबा ओसरीवर होते. त्यांनी हाताने तिला थांबवले. मला म्हणाले, "मास्तर, ताट घिऊन हितं बसा."

मी म्हणालो, मला भूक नाही, नंतर बघू.

"तिकडं चोरून खात हुता दोगं, मला काय कळत न्हवतं व्हय? हितं बसा. माज्या म्होरं जेवा."

आईने ताट वाढले. भाकरी आणि वांग्याचे कालवण. मी त्यांच्यासमोर बसलो. पहिला घास तोडला. ते माझ्या हाताकडे बघत होते, मग तोंडाकडे, मग गळ्याकडे. घास खाली उतरला की त्यांची नजर पुन्हा ताटावर येई.

"वांगी आपलीच हायत न्हवं?"

"आपलीच."

"वरच्या वाफ्यातली आसतील. खालच्या वाफ्यातल्यास्नी कीड हुती." मग थोडे थांबून म्हणाले, "तिखाट झालंय का?"

मी म्हणालो, जरा झालंय.

"तुमची चुलती. तिला मिठाचाबी अंदाज न्हाय आन तिखटाचाबी." आत चुलतीला ते ऐकू गेले. ती काहीतरी पुटपुटली आणि मग तोंडाला पदर लावून मागच्या दाराने बाहेर गेली.

आबा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. राहिले तोवर दोन्ही वेळा मला त्यांच्यासमोर ताट घेऊन बसावे लागले. पाणीही उतरेनासे झाले तेव्हासुद्धा. बोलणे बंद झाले, तरी मी हात थांबवला की ते बोटाने भाकरीकडे दाखवत. घास मला जात नसे. पण ते बघत होते, म्हणून मी जेवत राहिलो.